आधी बस, मग सांगतो

प्रिय रेवा आणि निषाद,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निषादने विचारलं, "आजी, तू हसायच्या आधी टेबल का धरतेस?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. त्याच कॉलच्या शेवटी तुमच्या आईने आवाज खाली आणून मला सांगितलं, की रेवा वर्गात झोपते आणि शाळेतून तिसरं पत्र आलंय. फोन ठेवल्यावर या दोन्ही गोष्टी मी एकत्र ठेवून पाहिल्या. रेवा, तुझी झोप मोबाइलची असेल, नाहीतर वयाची असेल. माझ्यासारखं तुला असण्याची शक्यता फार कमी आहे, माझे डॉक्टरही तेच म्हणतात. पण मी एकोणीस वर्षांची असताना मला जे होत होतं त्याला आमच्या घरात कोणाला नाव देता आलं नव्हतं, आणि नाव नसताना जी दोनेक वर्षं गेली ती आठवली की अजून खांदे दुखतात. म्हणून हे आता, क्रमाने, लिहून ठेवते. आजी सगळं क्रमाने करते म्हणून तुम्ही मला हसता. तो क्रम कुठून आला तेही यात येईल.

बोरिवलीला, पूर्वेला, हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत आमच्या दोन खोल्या होत्या. माणसं चार. माझे वडील, ज्यांना मी भाऊ म्हणत असे, आई, भाऊंची थोरली बहीण म्हणजे आत्या, आणि मी. आत्या नवऱ्यामागे मालवणकडून आमच्याकडे राहायला आली होती आणि तिने भाषा आणि हुकूम दोन्ही बदलले नव्हते. पहाटे पाण्याच्या पंपाची घरघर, मग पिंपात पाणी पडल्याचा आवाज, मग आई विळीवर नारळ खवायला बसायची. दुपारी डोंगराकडच्या खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरची ताटं हलकी किणकिणायची. जेवायला कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा. रविवारी सोलकढी. भाऊ कांदिवलीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. फाटकापाशी बसायचं, कोण किती वाजता आलं ते लिहायचं. तीनशे माणसं रोज समोरून जायची आणि भाऊंना ती चालीवरून ओळखता यायची. संध्याकाळी सहाला घरी आले की हातपाय धुऊन ते त्या दिवसाची माणसं आम्हाला करून दाखवत. कवळी सांभाळत चहा पिणारा फोरमन, उशीर झाला की लंगडायला लागणारा वेल्डर, साहेबांच्या मागून अर्ध्या पावलाने चालणारा हेडक्लार्क. नुसती नक्कल नाही, तो माणूसच खोलीत येऊन उभा राहायचा. आई पदर तोंडाला लावून हसायची. आत्या हसायची नाही, पण भाऊ थांबले की म्हणायची, "त्या लंगड्याचा परत कर."

या घरात माझी झोप सुरू झाली. मी इंग्रजी घेऊन बी. ए. करत होते. भाऊंनी मला हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि घराण्यातली पहिली पदवी माझी असणार असं त्यांनी गावापर्यंत सांगून ठेवलं होतं. रात्री मी नऊ तास झोपत असे, तरी सकाळी उठताना अंगावर ओली गोधडी टाकल्यासारखं वाटे. कॉलेजात दुसऱ्या तासाला डोळे मिटायचे. मिटायचे म्हणजे पेंग येऊन नव्हे, कोणीतरी वरून शटर ओढावं तसे. हात मात्र लिहीत राही. नंतर वही उघडली तर इंग्रजी कवितेच्या टिपणाखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडे, "पिंपावर झाकण ठेव, फोरमन पोहायला गेलाय." मैत्रिणी ते वाचून लोळायच्या. मला घाम फुटायचा, कारण ते मी कधी लिहिलं हे मला ठाऊक नसे. जेवताना घास हातात ठेवून मी झोपले आहे. एकदा रेशनच्या रांगेत उभ्यानेच झोपले, पुढची बाई सरकली आणि मी तिथेच राहिले.

आईने आधी लाडाने, मग रागाने उपाय केले. डोळ्यांवर मिठाचं पाणी, सकाळी काळा चहा, दुपारी बसू नकोस, भिंतीला टेकू नकोस. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून लोहाचं टॉनिक दिलं, त्याने दात काळे झाले. मग भाताने झोप येते म्हणून माझा दुपारचा भात बंद झाला. रेवा, कोकणातल्या माणसाचा भात बंद करणं म्हणजे काय ते तुला तिकडे बसून कळणार नाही. मी पिठीत पोळी बुडवून खात असे आणि तरीही झोपत असे. शेवटी उपाय संपले आणि शब्द उरला, आळशी. "एवढी तरणी पोर, दिवसाढवळ्या लोळते," हे आई शेजारच्या परबकाकूंना सांगायची तेव्हा मी आतल्या खोलीत असे. झोपलेल्या माणसाला ऐकू येत नाही असं सगळ्यांना वाटतं.

पडणं नंतर सुरू झालं. एका संध्याकाळी मी पेजेचं पातेलं घेऊन उभी होते आणि भाऊ फोरमनची कवळी चहात पडल्याचं करून दाखवत होते. मला हसू फुटलं, आणि त्याच क्षणी माझे गुडघे गेले. पातेलं पडलं, पेज माझ्या पायावर सांडली. मला भाजल्याचं कळत होतं, आईची किंकाळी ऐकू येत होती, पण मान उचलता येत नव्हती, जीभ हलत नव्हती. मिनिटभराने सगळं परत जागेवर आलं. उजव्या पावलावरचा तो डाग तुम्ही लहानपणी बोटाने चाचपून बघायचात. त्यानंतर जोरात हसले की असंच व्हायचं. मग मी हसायचं टाळायला लागले. भाऊ नकला करायला लागले की मी काहीतरी काम काढून मोरीत जाई आणि नळ सोडून ठेवी, म्हणजे ऐकू येणार नाही.

त्याच दिवसांत मी एक चूक केली. कधी कधी मला जाग यायची, डोळे उघडायचे, पण हातपाय हलायचे नाहीत, आणि पायथ्याशी कोणीतरी उभं दिसायचं. हे मी आत्याला सांगितलं. ती शेजारी झोपायची म्हणून सांगितलं, एवढंच. तेव्हा तिने ते मनातच ठेवलं. पण संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू झालं, खोलीत पंधरा-वीस बायका दाटीने बसल्या होत्या, आणि परबकाकूंनी त्यांच्या मिस्टरांच्या बनियनवर असा काही उखाणा घेतला की मी हातातल्या तिळगुळाच्या ताटासकट खाली बसले. मान लोंबलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ थरथरताहेत. आत्या उठली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि आईला म्हणाली, "ह्यां झोपेचां काम नाय गो वयनी. ह्यां गावच्या देवीचां. माका आधीच कळलेलां."

मला सगळं ऐकू येत होतं. ओटी भरली जात होती, ती कळत होती. परबकाकू माझ्या कानाशी वाकून विचारत होत्या, "आई, माझ्या प्रकाशचं प्रमोशन होईल ना?" भानावर आल्यावर मी सांगायला हवं होतं, की काकू, मला तुमचा उखाणा आठवून हसू येत होतं, बाकी काही नाही. मी सांगितलं नाही. हे तुम्हाला लिहिताना अजून लाज वाटते, पण लपवून ठेवायला हे लिहीत नाही. मी गप्प राहिले, कारण त्या संध्याकाळी आईने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "झोप जरा." दीड वर्षात पहिल्यांदा मला कोणी झोप म्हणालं होतं. आळशीपेक्षा देवी बरी होती. देवीला दुपारी आडवं होता यायचं, आणि देवीला भातही मिळायचा.

मग मंगळवारी दुपारी बायका यायला लागल्या. चार, मग आठ. धूप, कापूर, नारळ. मी पाटावर बसे. बहुतेक वेळा काहीच होत नसे, मी नुसती झोपून जाई, आणि त्याचाही काही अर्थ काढला जाई. अर्थ काढायचं काम आत्याचं. मार्चात कॉलेजचा परीक्षेचा फॉर्म आला. वडिलांची सही लागत होती. आत्या म्हणाली, अंगात वारं असलेल्या पोरीने गर्दीत जायचं नसतं, वाटेत कुठे पडली तर? आईने तो फॉर्म देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. ती माझं वाईट चिंतत नव्हती. ती थकली होती. आळशी मुलीची आई होऊन दीड वर्ष काढलेली बाई होती ती, आता तिला हात जोडणारे भेटले होते. फॉर्म भरायला आठ दिवस होते. मला वाटलं, भरला नाही तरी काय, पेपर लिहिताना झोपच लागणार आहे.

भाऊंची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असे. आतापर्यंत ते त्या वेळी पान खायला खाली जाऊन बसायचे. त्या मंगळवारी ते गेले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले आणि फाटकावर बसतात तसे माझ्याकडे बघत राहिले. कापूर पेटला, काही नाही. आत्याने आरती म्हटली, काही नाही. परबकाकूंनी प्रकाशचं पुन्हा विचारलं, काही नाही. अर्ध्या तासाने भाऊ उठले, टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेतला, आणि खोलीच्या मधोमध येऊन आत्या झाले. गॅसचा सिलिंडर उशिरा आणणाऱ्या माणसाला आत्या कशी झापते, ते. "मेल्या, तुझ्या घराक चूल पेटता काय नाय? आमी काय वारो खाव?" एक हात कमरेवर, एका डोळ्याने सिलिंडरचं सील तपासणं, आणि शेवटी त्याच माणसाला हळूच लाडू देणं. बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मी पाटावरून कलंडले.

भाऊंनी मला धरलं. धरून ठेवूनच ते म्हणाले, "बघितलंत सगळ्यांनी? कापराने येत नाही, आरतीने येत नाही. माझ्या नकलेने येते. मग काय मी देव झालो?"

"देवीची चेष्टा करतंस?" आत्या ओरडली.

"ताई, तुझी चेष्टा केली. देवीची कशाला करू?" भाऊ म्हणाले. मग आईकडे वळले. "चावी दे. फॉर्म काढ. आणि उद्या मी रजा टाकतोय, हिला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचंय."

परबकाकू जाताना आपला नारळ परत घेऊन गेल्या. पुढे पुष्कळ वर्षं मी त्यांना त्यावरून चिडवलं.

हॉस्पिटलात लाकडी बाकावर आम्ही चार तास बसलो, मी त्यातले तीन झोपले. आत एक तरुण डॉक्टर होता, डोळे माझ्यापेक्षा लाल. त्याने विचारलं, काय होतं? आई म्हणाली, पडते. बेशुद्ध होते? नाही. तोंडाला फेस? नाही. जीभ चावते? नाही. तो लिहिता लिहिता थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि आईला म्हणाला, "घरात काही टेन्शन आहे का? लग्न करून टाका, सुधारेल." आईची मान आपोआप हलली. भाऊंची हलली नाही.

"साहेब, सांगून कळायचं नाही," भाऊ म्हणाले. "थांबा, करून दाखवतो."

आणि भाऊ मी झाले. ओपीडीच्या त्या खोलीत, टक्कल पडलेला, खाकी पँटीतला माणूस वीस वर्षांच्या मुलीसारखा उभा राहिला. आधी हसू, मग पापण्या, पण पूर्ण मिटलेल्या नाहीत. मग जबडा सैल, जीभ जड. मग मान पुढे. मग गुडघे, आधी उजवा, मग डावा. जमिनीवर पडल्यावर डोळ्यांची बुबुळं हलताहेत, म्हणजे ऐकू येतंय. मिनिटभर थांबून आधी बोटं, मग मान, मग बोलणं परत. मी स्वतःला पडताना कधी पाहिलं नव्हतं. मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला स्वतःची दया आली. गेले कित्येक महिने ज्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून मी मोरीत नळ सोडून बसत होते, तो माणूस मला इतकं बघत होता.

पलीकडच्या टेबलावरच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. पांढरे केस, सुती साडी, वर कोट. त्या म्हणाल्या, "पुन्हा करा."

भाऊंनी पुन्हा केलं.

"हसल्यावरच पडते? रागावल्यावर?"

"हसल्यावर. जोरात हसली की," भाऊ म्हणाले.

"मग हसवा तिला."

भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. मग त्यांनी त्या तरुण डॉक्टरची खुर्ची ओढली, डोळे चोळले आणि म्हणाले, "लग्न करून टाका, सुधारेल." हुबेहूब. बाई फसकन हसल्या, तो बिचारा स्वतःही हसला, आणि मी गेले. बाई साठीच्या असतील, पण उडी मारल्यासारख्या माझ्याजवळ आल्या आणि छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. पुन्हा ठोकलं. नाही. मिनिटाने मी मान उचलली, त्यांनी पुन्हा ठोकलं आणि माझा पाय उडून स्टुलाला लागला. त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या, "पाहिलंस? पुस्तकात वाचलं असशील."

मग त्या आईशी मराठीत बोलल्या. झोपेत स्वप्न पडतं तेव्हा आपण उठून चालू नये म्हणून शरीर आपले स्नायू सैल सोडतं. हिचं ते सैल सोडणं जागेपणी होतं, हसू आलं की. दिवसा झोप कोसळते, उठताना अंग हलत नाही, माणसं दिसतात, हे सगळं त्याच एका आजारातलं. नाव नार्कोलेप्सी. बरा होत नाही, आटोक्यात राहतो. पडण्यासाठी एक छोटी गोळी दिली, तिने तोंड कोरडं पडायचं. झोपेसाठी त्या म्हणाल्या, झोपेशी भांडू नका, तिला वेळ नेमून द्या. सकाळी अकराला वीस मिनिटं, दुपारी तीनला वीस मिनिटं, रोज. स्टोव्ह एकटीने पेटवायचा नाही, पोहायचं नाही, उंचावर चढायचं नाही.

भाऊंनी विचारलं, "बाई, हा आळस नाही, एवढं कागदावर लिहून द्याल?"

बाईंनी लिहून दिलं, इंग्रजीत, कॉलेजसाठी. बाहेर आल्यावर आईने तो कागद हातात घेतला, उलटा होता तो सुलटा केला, आणि मला म्हणाली, "वाच." मी वाचून मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "परत." मी परत वाचलं. तिने कागदाची घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिने स्वतःच चटई घातली आणि घड्याळ बघत दाराशी बसली. वीस मिनिटं परबकाकूंनाही आत येऊ दिलं नाही. फॉर्म शेवटच्या दिवशी भरला गेला. प्रत्येक पेपराआधी मी जिन्याखाली वीस मिनिटं झोपले, शिपायाने उठवलं. दुसऱ्या वर्गात पास झाले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण हॉस्पिटलातून आल्यावर भाऊंनी नकला बंद केल्या. गोळीने पडणं कमी होत होतं, थांबलं नव्हतं, आणि त्यांनी मनाशी हिशोब मांडला की आपल्यामुळे मुलगी पडते. संध्याकाळी सहाला ते येत, हातपाय धूत, पेपर उघडून बसत. जेवताना नुसता ताटांचा आवाज. आत्यासुद्धा एकदा म्हणाली, "त्या लंगड्याचा काय झाला रे?" भाऊ म्हणाले, "बरा आहे." मला वाटायचं, झोपेने मला जेवढं दमवलं नाही तेवढं या शांततेने दमवलं. उन्हाळा असाच गेला.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत गेले, जमिनीवर बसले, पाठ भिंतीला टेकवली, दोन्ही बाजूंना उशा घेतल्या, हातात काही ठेवलं नाही. म्हटलं, "भाऊ, मी बसले. आता सांगा."

त्यांनी पेपर खाली केला. उजवी उशी जरा जवळ सरकवली. मग उठून फोरमन झाले. मी हसले, मान लोंबली, मिनिटभर तशीच बसून राहिले, आणि त्या मिनिटात मला आत्याचं हसणं ऐकू आलं. ती हसताना कशी दिसते ते मात्र बघता आलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात कोणीही गमतीचं काही सांगायला तोंड उघडलं की आधी म्हणायचं, "आधी बस, मग सांगतो." तुमच्या आजोबांनी लग्नानंतर आठ दिवसांत ते उचललं. तुमची आई ते ऐकतच मोठी झाली. मी चाळिशीत असताना मुंबईत झोपेच्या तपासण्या सुरू झाल्या. डोक्याला वायरी लावून मला एक रात्र आणि एक दिवस झोपवलं, आणि मशीनने तेच नाव सांगितलं जे त्या बाईंनी भाऊंच्या नकलेवरून सांगितलं होतं. रेवा, तुझ्यावर ती वेळ आली तर घाबरू नकोस, त्यात दुखत काही नाही. आणि तोवर शाळेने तुला आळशी म्हटलं तर ते पत्र मला पाठव.

त्या दोन खोल्या पाडून तिथे टॉवर झाला. भाऊ, आई, आत्या, परबकाकू, कोणी नाही. बाईंचा कागद घड्यांवर फाटला, तरी फाइलमध्ये आहे. गोळीचं नाव तीनदा बदललं. अकरा आणि तीनची झोप आहे. पायावरचा डाग आहे. आणि हसायच्या आधी मी अजून काहीतरी धरते.

आजी